आखाजीची शर्यत आणि घोडीचा डावा पाय

तापीकाठच्या एका गावात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, यात्रेला घोड्यांची शर्यत झाली. अंतिम फेरीत तिसरी आलेली मारवाडी घोडी रेषा ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर डाव्या पुढच्या पायाने लंगडू लागली आणि अर्ध्या तासात तिच्या जिवावर बेतलं. ती वाचली, पण पळण्याच्या कामाची राहिली नाही. समितीने त्या दिवशी मला पशुवैद्य म्हणून बोलावून ठेवलं होतं. त्यामुळे घडलं ते जवळून पाहता आलं आणि नंतर मालक, स्वार, नालबंद यांच्याशी सवडीने बोलताही आलं. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत, काही खुणा बदलल्या आहेत.

यात्रेत जो तो म्हणत होता, "नशीब खराब, पळता पळता पाय मुरगळला." मला ते पटत नाही. तो पाय आधीच्या पंधरवड्यातच जायला लागला होता, आणि शर्यतीच्या दिवशी तिला थांबवण्याच्या संधी एकामागून एक येऊन गेल्या. "ही घोडी आज पळणार नाही" असं म्हणायचा अधिकार मात्र तिथे कुणालाच दिलेला नव्हता. मला बोलावलं होतं ते काही झालं तर बघायला.

घोडी आणि तिचं वय

मालक सहा-सात एकरांचा शेतकरी, कापूस आणि पपई घेणारा. घोड्यांचा नाद आजोबांपासूनचा. ही घोडी त्याने सोळा महिन्यांपूर्वी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घेतली. एकमुखी दत्ताच्या या यात्रेतला घोडेबाजार कसा भरतो ते खान्देशात कुणाला सांगायला नको. राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेशातून जनावरं येतात आणि नुकऱ्याभोवती, म्हणजे पांढऱ्याशुभ्र घोड्याभोवती, तर फोटो काढणाऱ्यांचीच गर्दी असते. सौदा ठरतो तो भोवऱ्यांवर, म्हणजे अंगावरच्या केसांच्या वळणांवर, देवमन या गळ्यावरच्या शुभ भोवऱ्यावर, कानांच्या टोकांवर, उंचीवर आणि रेवाल या झपझप, स्वाराला न हादरवणाऱ्या चालीवर. ही घोडी पंचकल्याणी, चारही पाय पांढरे, तोंडावर पट्टा, अंगावर खोटा भोवरा एकही नाही. घेताना तिचा एकही खूर कुणी उचलून पाहिला नव्हता. नळीमागून, म्हणजे पायाच्या गुडघ्याखालच्या हाडामागून, हात फिरवून पाहण्याचा तर प्रश्नच आला नाही.

व्यापाऱ्याने ती "चार वर्षांची" म्हणून विकली. शर्यतीच्या दिवशी मी तोंड उघडून पाहिलं तेव्हा वर-खाली मधले दोन-दोन आणि त्यांच्या शेजारचे दात पक्के होते, कडेचे अजून दुधाचेच. घोड्याचे मधले पक्के दात साधारण अडीच वर्षांना येतात, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. म्हणजे त्या दिवशी ती जेमतेम चार वर्षांची होती आणि विकत घेतली तेव्हा अडीचच्या आसपास. घेतल्यावर दोन महिन्यांत ती पहिल्या शर्यतीत पळाली.

इथे नुसत्या वयावर सगळं खापर फोडणं मला बरोबर वाटत नाही. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर थरोब्रेड या शर्यतीच्या जातीची घोडी दोन वर्षांची असतानाच पळतात, आणि कोवळ्या वयात बेताचा व्यायाम मिळाला तर हाडं-कंडरा बळकट होतात असंही संशोधन सांगतं. पण तिथे हिरवळीवर किंवा वाळूच्या पट्ट्यावर महिनोन् महिने हळूहळू वेग वाढवत नेतात. आपल्याकडे चार दिवस दारात बांधलेली घोडी पाचव्या दिवशी डांबरावर चौखूर सोडतात.

आधीचा पंधरवडा

आखाजीच्या बारा-तेरा दिवस आधी शेजारच्या तालुक्यात ती पळाली आणि दुसरी आली. त्या रात्री डावा पाय "आखडला" असं मालक सांगतो. नळीच्या मागच्या बाजूला, गुडघा आणि मुरवा (खुराच्या वरचा सांधा) यांच्या मध्ये, बोटभर सूज होती. हळद-चुन्याचा लेप लावला, विटेने शेकलं. चार दिवसांत लंगडणं गेलं, सूजही उतरल्यासारखी झाली आणि सहाव्या दिवशी घोडी पुन्हा सरावाला निघाली.

शेकण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण जवळजवळ प्रत्येक मालक हेच करतो. कंडरेला, म्हणजे गावात जिला शीर म्हणतात तिला, ताजी इजा झाली असेल तर पहिले दोन-तीन दिवस गार पाणी आणि बर्फ हवा. शेकाने सूज वाढते. मुळात कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो, तिच्या तंतूंना चीर गेली तर भरून यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. चार दिवसांत थांबलं ते दुखणं. आतली चीर होती तिथेच होती. चौखूर धावताना कंडरेच्या गाभ्यातलं तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातं, असं पळत्या घोड्यांवर मोजलेलं आहे. त्या उष्णतेत आधीच चिरलेल्या तंतूंचं काय होत असेल, वेगळं सांगायला नको.

नालबंदाने शर्यतीच्या आदल्या आठवड्यात नाल बदलायचा सल्ला दिला होता. जुना नाल झिजून गुळगुळीत झाला होता. "शर्यत झाली की बदलू" असं ठरलं, कारण नव्या नालाने घोडी अडखळते असा मालकाचा अनुभव. यात थोडं तथ्य आहेही. नाल ठोकला की लगेच दुसऱ्या दिवशी पळवू नये. पण मग तो दहा दिवस आधी बदलायचा असतो.

दिवस कसा गेला

शर्यत डांबरी रस्त्यावर, फाट्यापासून वेशीपर्यंत, अंदाजे एक किलोमीटर. रस्ताच का, याचं समितीचं उत्तर ऐकून घेण्यासारखं आहे. एप्रिलअखेर काळ्या जमिनीला हातभर भेगा पडतात, निम्म्या शेतांत पऱ्हाटीची खुंटं उभी असतात, आणि नदीची वाळू इतकी खोल की घोडं रुतून बसतं. भेगेत खूर अडकला तर पाय सरळ मोडतोच. म्हणजे रस्ता निवडण्यामागे बेपर्वाई नव्हती, एक धोका टाळायला दुसरा पत्करला होता. पण चौखूर धावताना घोड्याचा पुढचा एक पाय एका क्षणी त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार पेलतो. साडेतीनशे किलोच्या घोडीच्या एका पायावर हा भार जवळपास पावणेनऊशे किलो होतो. खाली माती असेल तर ती थोडी दबते. डांबर दबत नाही, सगळा हादरा खूर आणि नळी खातात.

वेळ सकाळी नऊची ठरली होती. उद्घाटनाचे पाहुणे सव्वाबाराला आले. तोवर घोडी पिकअपच्या मागच्या बाजूला उन्हात बांधलेली. सकाळी तिला भिजवलेला हरभरा आणि गूळ दिला होता, पाणी मात्र पहाटेपासून नाही, कारण "पाण्याने पोट जड होतं." प्राथमिक फेरी साडेबाराला, अंतिम फेरी दोन वाजता. त्या दिवशी पारा ४३ अंशांच्या आसपास होता. दोन फेऱ्यांच्या मधे तिला एक बादली पाणी मिळालं आणि तेही अर्धंच प्यायली. एवढ्या तापलेल्या घोड्याला तहान लागलीच पाहिजे. ती न लागणं हीच धोक्याची खूण होती.

प्राथमिक फेरीनंतर मी तिला दहा-पंधरा पावलं चालताना पाहिलं. पाऊल किंचित आखूड पडत होतं. दुडकीत चालवून दाखवा म्हटलं तर मालक म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आता थकवू नका, फायनल आहे." समितीकडे गेलो. अध्यक्ष आप्पा सभ्य माणूस, पण त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मालकाची मर्जी, आपण कोण बोलणारे?" नियमपत्रकात तसंच होतं. प्रवेश फी, बक्षिसं, स्वाराने चाबूक कसा धरायचा, सगळं लिहिलेलं. घोडं अपात्र कधी ठरतं याबद्दल एक ओळही नव्हती.

अंतिम फेरीत घोड्यांच्या मागे आणि बाजूने दहा-बारा दुचाक्या, हॉर्न वाजवत. हा प्रकार आता इतका रुळला आहे की व्हिडिओ बघणाऱ्यांना त्यात वावगं वाटत नाही. घोडं हा भिऊन पळणारा प्राणी आहे. मागचा आवाज त्याला शर्यत वाटत नाही, पाठलाग वाटतो, आणि थकल्यावरही ते वेग कमी करत नाही. स्वार चौदा-पंधरा वर्षांचा, मालकाचा भाचा, बिनखोगिराचा, डोक्यावर फक्त टोपी.

रेषेपर्यंत घोडी नीट पळाली. पुढे रस्ता मोकळा नव्हता. वेशीत निकाल ऐकायला माणसं जमली होती, मधे एक ट्रॅक्टर उभा होता. ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे पळणाऱ्या घोड्याला हळूहळू थांबायला दोन-अडीचशे मीटर तरी हवेत, इथे साठही नव्हते. पोराने जिवाच्या आकांताने लगाम ओढला. लगाम काटेरी होता. घोडीने मान वर फेकली, पुढचे दोन्ही पाय रोवले, गुळगुळीत नालावर घसरली आणि सगळं वजन डाव्या पायावर आलं. चार पावलांनंतर तिने तो उचलून धरला.

तपासणीत काय दिसलं

मालकाचा पहिला प्रश्न, "डॉक्टरसाहेब, पाय मोडेल नही ना?" मोडला नव्हता. नळीमागची कंडरा मधोमध फुगली होती, हात लावताच चटका बसावा इतकी गरम, आणि दाबल्यावर घोडी अंग चोरत होती. पण त्या क्षणी पाय ही दुय्यम गोष्ट होती. गुदद्वारातलं तापमान ४१ अंशांच्या वर. निरोगी घोड्याचं ३७.५ ते ३८.५ असतं. थांबून पंधरा मिनिटं झाली तरी हृदयाचे ठोके मिनिटाला शंभरावर. विश्रांतीत ते २८ ते ४४ असतात, आणि लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय एन्ड्युरन्स स्पर्धांत ठरलेल्या मिनिटांत ठोके ६४ वर उतरले नाहीत तर घोडं तिथेच बाद होतं. हिरडीवर बोट दाबून सोडलं तर रंग परत यायला तीन सेकंद लागत होते, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की तशीच उभी राहत होती, आणि पोटाला कान लावला तर आतड्यांची गुडगूड जवळपास बंद.

तोंडात जिभेच्या कडेला आणि दाढांच्या पुढच्या मोकळ्या हिरडीवर जखमा होत्या, काही ताज्या, काही जुन्या. काटेरी लगामाच्या.

पिकअपच्या मागच्या फळीवर डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या फोडलेल्या पाच काचकुप्या सापडल्या, माणसांच्या, प्रत्येकी ३ मिलीच्या. जनावरांसाठी हे औषध भारतात २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं जवळजवळ संपली. माणसांच्या मोठ्या बाटल्यांतून ते गोठ्यात जाऊ नये म्हणून २०१५ मध्ये ३ मिलीच्या एका डोसापुरतं बंधन आलं. गावोगावच्या मेडिकलवर त्याचा परिणाम एवढाच झाला की एकाऐवजी पाच कुप्या मागतात. मालकाने काही लपवलं नाही. सकाळी आठला त्यानेच टोचलं होतं. यात फसवणूक होते असं त्याच्या मनातही नव्हतं. आपल्याला दुखलं तर आपण गोळी खातोच की, असा सरळ हिशोब. वेदना हा घोड्याच्या अंगातला एकमेव लगाम असतो जो त्याला चिरलेल्या पायावर पूर्ण भार टाकू देत नाही. तोच त्याने सकाळी काढून टाकला होता.

उपचार

यात्रेसाठी आणलेला पाण्याचा टँकर जवळच होता. घोडी सावलीत ओढून घेतली आणि मान, छाती, मांड्या यांवर सलग पाणी सुरू केलं. बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवरून बर्फ आणून बादल्यांत टाकला तेव्हा आजूबाजूचे खवळले. तापलेल्या अंगावर गार पाणी पडलं तर घोडं आखडून मरतं, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी, तिथल्या दमट उन्हाळ्यात घोडी कशी तग धरतील या चिंतेतून यावर भरपूर काम झालं आणि बर्फाच्या पाण्याने तापलेलं घोडं लवकर आणि सुरक्षित उतरतं हे दिसून आलं. घाम येईल तेवढ्याने भागत नाही, पाणी सतत ओतत राहावं लागतं. एकदा ओतून ओलं कापड टाकून ठेवलं तर ते कापडच गरम होऊन बसतं. वीस-पंचवीस मिनिटांत तापमान ३९.५ पर्यंत आलं.

सलाईनही लावली. पण खरं सांगायचं तर साडेतीनशे किलोच्या घोडीच्या अंगातलं वजनाच्या पाच टक्के पाणी गेलं असेल तर ती तूट सतरा-अठरा लिटरची, आणि हातात अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या आठ बाटल्या. बघणाऱ्यांना धीर आला तो सलाईनने, घोडी सावरली ती बादलीने. पोट बोलू लागल्यावर थोडं थोडं पाणी, त्यात चिमूटभर मीठ, दर दहा मिनिटांनी.

दुखायचं इंजेक्शन मी दिलं नाही, आणि यावरून मालकाशी बरीच बाचाबाची झाली. आधीच पाच कुप्या पोटात, अंगात पाणी नाही. अशा वेळी त्याच जातीचं आणखी औषध म्हणजे मूत्रपिंडांवर घाला. संध्याकाळी लघवी झाली, गडद पिवळी पण कॉफीसारखी काळी नाही, तेव्हा स्नायू फुटून मूत्रपिंडं अडण्याची भीती टळली. तोंडातल्या जखमांमुळे धनुर्वाताची लस आठवणीने दिली. धनुर्वात घोड्याइतका क्वचितच कुठल्या पाळीव जनावराला लवकर होतो.

पायाला गार पाण्याची धार आणि कापूस घालून पट्टी, दोन्ही पुढच्या पायांना, कारण दुखरा पाय वाचवायला घोडं सगळा भार चांगल्यावर टाकतं आणि मग तोही जातो. सोनोग्राफीने चीर किती खोल आहे ते कळलं असतं, पण त्यासाठी लंगड्या घोडीला पिकअपमध्ये उभ्याने दीडशे किलोमीटर न्यावं लागलं असतं. ते टाळलं. दोन महिने ठाणबंद, रोज हातात धरून थोडं चालणं, मग महिन्यामहिन्याने वाढवत जायचं, असं ठरलं. वर्षाने ती दुडकीत सरळ चालू लागली. नळीमागचा फुगवटा कायमचा राहिला.

कायदा कुठे उभा राहतो

बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो वैध ठरवला. त्यामुळे बैलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी अशी चौकट तरी आहे. ती दुरुस्ती बैलांपुरती आहे. रेसकोर्सवरच्या घोड्याला शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबचे नियम, तिथले पशुवैद्य आणि औषधचाचणी असते. यात्रेतलं घोडं या दोन्हींच्या मधे पडतं.

पण म्हणून कायदा नाहीच, असंही नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये जखमी किंवा आजारी जनावराला कामाला जुंपणं आणि त्याला अपायकारक औषध देणं, दोन्ही गुन्हे आहेत. काट्यांचा लगाम १९६५ च्या नियमांनी बंद केला आहे. त्याच नियमांत ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांना, पारा ३७ अंशांवर असेल तिथे, दुपारी १२ ते ३ कामाला लावू नये असं आहे. स्वारीच्या शर्यतीला ते लागू होतं का यावर वकील भांडतील, घोड्याच्या शरीराला तो फरक कळत नाही. कलम ११ च्या पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. यात्रेत एक बर्फाचा गोळा तेवढ्याला येतो.

म्हणून तक्रारीपेक्षा समितीशी बोलण्यावर मी भर दिला.

पुढच्या वर्षी

बैठका रंगल्या. काटेरी लगाम आणि दुचाक्या यांवर फार वाद झाला नाही. आदल्या वर्षी एक दुचाकीस्वारही घसरला होता, त्यामुळे तरुणांचे वडील आमच्या बाजूने आले. जागा बदलली. गावालगतचं गव्हाचं शेत निघाल्यावर शेतमालकाने ते दिलं, वखराच्या दोन पाळ्या घातल्या, आदल्या संध्याकाळी टँकरने पाणी शिंपडलं. रेषेपुढे अडीचशे मीटर मोकळे ठेवून दोन्ही बाजूंनी दोर बांधले. शर्यत सकाळी साडेसहाला. पाहुण्यांना नारळ फोडायचा असेल तर तेव्हा यावं, नाहीतर बक्षीस द्यायला यावं, हे आप्पांनी स्वतः फोनवर सांगितलं.

खरी ओढाताण झाली तपासणीवरून. प्रत्येक घोडं सुरुवातीआधी दुडकीत चालवून दाखवायचं आणि पशुवैद्याने नाही म्हटलं तर फी परत, वाद नाही, असं नियमपत्रकात आलं. पहिल्याच वर्षी तीन घोडी परत गेली, त्यातलं एक समितीतल्याच एका सदस्याच्या मेहुण्याचं. बरीच आरडाओरड झाली. आप्पा म्हणाले, "नियमावर सही माझीच शे," आणि विषय तिथेच मिटवला.

कुपीचं काय करायचं हे मात्र अजून सुटलेलं नाही. रक्त तपासायची सोय यात्रेत नसते, आणि टोचलेलं घोडं सकाळी दुडकीत सरळच चालतं. मी सुचवलं की बक्षीस त्याच दिवशी देऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी, औषधाचा असर उतरल्यावर, घोडं पुन्हा चालवून पाहावं आणि सरळ चाललं तरच रक्कम हातात द्यावी. टोचून पळवण्यातला फायदाच त्याने जातो. साक्री आणि बऱ्हाणपूरकडून येणारे मालक अडून बसले: रात्र कुठे काढायची, घोड्याचा चारा कुणी द्यायचा, घरी जनावरं कोण बघणार? रास्त प्रश्न आहेत. पहिल्या वर्षी संध्याकाळी पाचच्या फेरतपासणीवर तडजोड झाली, जी मला अपुरी वाटते. यंदा समितीने शाळेच्या मैदानात मांडव, कडबा आणि रात्रीचं जेवण द्यायची तयारी दाखवली आहे. खर्चाचा आकडा वर्गणीच्या बैठकीत ठेवायचा आहे.